जागा झालेला टेकू

हात लावला की बोटांतून मुंग्या निघायच्या, कोपरापर्यंत चढायच्या, आणि त्या चढल्या की धडधाकट माणूस लहान पोरासारखा रडायला लागायचा. रांग अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावरून निघून बाहेर खडीच्या ढिगापर्यंत गेलेली. सळई बांधणारे, वाळू चाळणाऱ्या बाया, रंगारी, समोरच्या दुकानातला शिंपी, शिंप्याची सासू. सगळे अनवाणी, घोट्याएवढ्या चिखलात. आणि दर्शन कशाचं? तर एका टेकूचं! वरच्या मजल्याचा स्लॅब ओतताना खालून जे लोखंडी टेकू लावतात ना, त्यातला एक. शेजारी तसलेच ढीगभर टेकू निमूट उभे होते, त्यांना काळं कुत्रंही विचारत नव्हतं. ह्याला मात्र हार, ह्याला ओवाळणी, आणि नावसुद्धा ठेवलेलं: टेकोबा.

"हा श्रमाचा देव आहे, बाबांनो!" महाराज ओरडायचे. "वर तुमचा घाम गळायला लागला की हा डोळे उघडतो. काम थांबलं की झोपतो. मनात पाप असेल त्याला झटका, मन स्वच्छ असेल त्याला नुसत्या मुंग्या. आणि ज्यानं साधना केली..." इथं ते घडी घातलेल्या कांबळ्यावर ताठ उभे राहून तळहात टेकूवर सपाट ठेवायचे, डोळे मिटायचे आणि गालातल्या गालात हसायचे. "त्याला काहीच नाही!"

लोक "आहाहा" करायचे. हे महाराज काही दिवसांपूर्वी ह्याच साइटवर सिमेंटची पोती वाहत होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उलट त्यामुळेच कौतुक जास्त. आपल्यातलाच माणूस, आणि बघा कुठं पोहोचला!

मी त्या साइटवरची सिस्टर. पत्र्याची खोली, एक खाट, मलमपट्टीचं कपाट आणि माझं तोंड, एवढा माझा संसार. तोंड फटकळ आहे, ते आधीच सांगून ठेवते. पट्टा बांध, टोपी घाल, बूट घाल, असं दिवसभर ओरडून माझा घसा बसायचा, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्यात हा टेकोबा आला. महाराजांचा पहिला हुकूम, "बूट काढा. देव आणि भक्ताच्या मध्ये रबर कशाला?" झालं. गमबुटांचा ढीग पडला. दुसरा हुकूम, "टेकोबाला हात लावून वर गेलेला पडत नाही." लगेच उंचावर काम करणाऱ्यांनी कमरेचे पट्टे काढले आणि टेकूशेजारी खिळ्याला टांगले, देवाला वाहिले म्हणे.

मुकादम खूश होता. "सिस्टर, आता देवानंच जबाबदारी घेतलीय. तुम्ही कशाला जीव जाळता?" काम भराभर चाललं होतं, बुटांची मागणी बंद झाली होती. त्याला आणखी काय हवं होतं!

मग साइटवरची काळी कुत्री मेली. रोज माझ्या दाराशी पोळी खाऊन जाणारी, चांगली तरणीताठी. भर दुपारी टेकूच्या बुंध्याशी साचलेल्या पाण्यात पडली होती, पाय ताणलेले, दात उघडे. "मुकं जनावर, पण मागच्या जन्मीचं पाप सुटतं का?" महाराज म्हणाले, आणि लोकांनी माना डोलावल्या. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. कुत्रीनं कसलं पाप केलं होतं हो? एकदा माझी चप्पल चावली होती, तेवढंच.

त्यानंतर माझ्याकडे माणसं यायला लागली बोटं दाखवायला. बोटाच्या टोकावर पांढरा, कडक, मसुराएवढा ठिपका.

"मलम लावते, बस."

"मलम नको सिस्टर, ही खूण आहे. टेकोबानं दिली. नुसती दाखवायला आलो."

तसले ठिपके मी दवाखान्यात पाहिले होते, विजेचा चटका बसलेल्यांच्या हातावर. मी तडक साइटच्या वायरमनला गाठलं. बिचारा भला माणूस, पण मुकादमाचा आवाज ऐकला तरी त्याच्या हातातला पाना पडायचा. तो टेस्टर घेऊन आला. महाराज म्हणाले, "जरूर तपासा! पण आत्ता गर्दी आहे, जेवणाच्या सुट्टीत या." सुट्टीत त्यानं टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मी स्वतः बोट लावून बघितलं. काही नाही. अख्ख्या साइटसमोर माझं हसं झालं. "सिस्टर, देव जेवायला गेला होता!" असं रंगारी म्हणाला, आणि ते वाक्य लोक मला येता-जाता ऐकवायला लागले.

एवढ्यावर मी गप्प बसलेही असते. पण मग त्यात माझा दादा सापडला.

माझा थोरला भाऊ. सेंट्रिंगचा मिस्त्री, म्हणजे स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा सगळा सांगाडा उभा करणारा. आईबाप गेल्यावर त्याच हातांनी त्यानं मला शिकवलं. गेल्या साली त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. गेला म्हणजे खांद्याला नुसता लोंबायचा. मुकादमानं दया म्हणून त्याला सामानाच्या कोठाराची राखण दिली. ज्याच्या शब्दावर गडी धावायचे, तो माणूस खिळ्यांच्या डब्यांशेजारी स्टूल टाकून बसायचा. वहिनी त्याला घास भरवायला गेली की तो तोंड भिंतीकडे करायचा.

मी त्याला मोठ्या दवाखान्यात व्यायामाला नेत होते. तिथं एक छोटं यंत्र होतं. दोन चकत्या हातावर चिकटवायच्या, बटण दाबायचं, की बोटं टुणकन मिटायची. पहिल्या दिवशी दादा आनंदानं हुंदके द्यायला लागला. तिथल्या डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या, "काका, ही बोटं तुम्ही नाही मिटवली, करंटनं मिटवली. तुमच्या इच्छेनं मिटायला फार वेळ लागेल, कदाचित मिटणारही नाहीत. पण स्नायू जिवंत ठेवू." दादाला ते सोसलं नाही. चकत्या काढल्या की हात पुन्हा मेलेला. तो जायचा बंद झाला.

आणि एका सकाळी वहिनी धावत माझ्या खोलीत आली, पदर सावरायचंही भान नाही. "अहो वन्सं, चला! ह्यांची बोटं हलली! टेकोबाला लावल्या लावल्या हलली!"

मी गेले. रांगेनं आम्हाला वाट करून दिली. महाराजांनी दादाचा लुळा हात उचलून टेकूला टेकवला, आणि माझ्या डोळ्यांदेखत बोटं मिटली, मनगट आत वळलं, मूठ लोखंडाभोवती आवळली गेली. माणसांनी गजर केला. दादाचा चेहरा... एवढं सुख मी त्याच्या तोंडावर त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. माझे हात मात्र जोडले गेले नाहीत. कारण ती मूठ मी ओळखत होते. तोच झटका, तोच मनगटाचा बाक. दवाखान्यातल्या यंत्राचा.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची घरघर थांबली. ओतलेलं काँक्रीट हलवून बसवायचं एक विजेचं यंत्र असतं, व्हायब्रेटर म्हणतात, त्याची घरघर. ती थांबली, आणि त्याच क्षणी दादाची मूठ सुटली, हात धपकन खाली आला.

"बघितलंत? काम थांबलं, देव झोपला!" महाराज म्हणाले.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. देव झोपत नव्हता, यंत्र बंद होत होतं! आणि जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंदच असणार, मग टेस्टरला काय दिसणार, कपाळ?

महाराज दादाच्या पाठीवरून हात फिरवत होते. "बोटं हलली, पण हात पूर्ण हवा ना? मग आज दुपारी या. मोठा भाग ओतायचाय, देव पूर्ण जागा असेल. अंगावर पाण्याची घागर घ्यायची, आणि ओलेत्यानं दोन्ही हातांनी मिठी मारायची. छाती देवाच्या छातीला. जन्माचा हात परत मिळेल."

दादाला मी ओढतच कोठारात नेलं.

"दादा, तो करंट आहे. कुठून तरी टेकूत उतरतोय."

"असू दे."

"असू दे काय? मरशील!"

"दवाखान्यात काय होतं गं? तुझ्या डॉक्टरीणबाई काय लावत होत्या? करंटच ना? तिथं चालतो, मग इथं का नाही?"

"तिथला चिमूटभर असतो, मोजून दिलेला, हातातल्या हातात. हा छातीतून शिरून पायातून जमिनीत जाईल. मध्ये काळीज आहे. आणि ती मूठ तुला सोडता येणार नाही, दादा. करंट असेपर्यंत ती उघडतच नाही!"

तो हळू आवाजात म्हणाला, "तुला माझा हात बरा झालेला बघवत नाही. ताईगिरी करायला मिळतेय ना सगळ्यांवर, मलमपट्टी करून."

हे तो बोलला. ज्यानं मला अंगाखांद्यावर खेळवलं, तो. मी रडले, खोटं कशाला सांगू? पण रडायला वेळ नव्हता.

मुकादमाला म्हटलं, काम थांबवा. त्यानं कानावर हात ठेवले. "काँक्रीटची गाडी दारात उभी आहे. ओतायला घेतलं की मध्ये थांबता येत नाही. तुमच्या भावाला घरी न्या, विषय संपला."

दादा घरी येणार नव्हता. मी वायरमनच्या खोलीत शिरले. तो विजेच्या मोठ्या पेटीसमोर लाकडी खोक्यावर उभा होता.

"खोक्यावर का उभा आहेस रे?"

"इथं जाड रबरी चटई होती, सिस्टर. करंट लागू नये म्हणून पेटीपुढं टाकतात. चोरीला गेली."

"आणि करंट कुठं गळायला लागला की आपोआप पडणारा स्विच असतो ना, तो का नाही पडत?"

तो खाली बघायला लागला. "सारखा पडत होता. काम अडायचं. मुकादम म्हणाले, सरळ वायर टाकून दे, कटकट नको. टाकली."

"कधीपासून पडत होता?"

"त्या टेकूचं... देवाचं सुरू झालं ना, त्याच..." त्यानं माझ्याकडे बघितलं. "अरे देवा. मी काय करून बसलो!"

"देवाला मध्ये आणू नकोस. मेन स्विच पाड."

"मुकादम मला..."

"मुकादमाला मी बघते. पाड म्हणते ना!"

एवढ्यात वर घरघर सुरू झाली. आणि नुसतं एक यंत्र नव्हे, दोन-तीन एकदम. मी पळत सुटले. चिखलात चप्पल रुतली, ती तशीच सोडली, मग एकदम थबकले. अनवाणी? त्या पाण्यात? परत फिरले आणि ढिगातले दोन गमबूट पायात कोंबले. दोन्ही डाव्या पायाचे निघाले. तसेच घालून पळाले.

गर्दी एवढी की मुंगीला वाट नाही. टाचा उंचावून पाहिलं तर वहिनी दादाच्या डोक्यावर घागर उपडी करत होती. महाराज कांबळ्यावर उभे राहून "जागा हो, जागा हो" करत होते. "दादा, थांब!" मी ओरडले. त्यानं ऐकलं, मला दिसलं त्यानं ऐकलं. त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून टेकूवर ठेवला.

मूठ मिटली. तो हसला. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे मोठे झाले. मान मागे गेली. जबडा आवळला. घशातून एक आवाज यायला लागला, माणसाचा वाटत नव्हता.

"अंगात आलं! अंगात आलं!" लोक हात जोडायला लागले.

वहिनीला मात्र कळलं. बायकोला कळतंच. ती "अहो!" करून त्याला ओढायला झेपावली. मी तिला मागून कमरेला मिठी घातली आणि आम्ही दोघी चिखलात आपटलो. तिनं मला चावे घेतले, ओरबाडलं, शिव्या दिल्या. मी सोडलं नाही. तिनं त्याला धरलं असतं तर तीही तिथंच चिकटली असती, तिला ओढायला तिसरा, तिसऱ्याला ओढायला चौथा. आमच्या साइटवर माणसं माणसाला वाचवायला अशीच धावतात, विचार न करता, आणि अशीच एका ओळीत मरतात. हाताला एक कोरडी फळी लागेल तर शपथ, सगळं ओलंचिंब. डोळ्यांसमोर भाऊ थरथरत होता आणि मी त्याच्या बायकोला दाबून धरून "पाड, पाड, पाड" एवढंच पुटपुटत होते.

घरघर थांबली. सगळी, एकदम. दादाची मूठ उघडली आणि तो मागच्या मागं कोसळला.

मी सरपटत त्याच्यापाशी गेले. श्वास होता. नाडी वेडीवाकडी उडत होती, पण होती. तो माझ्याकडे बघून पुटपुटला, "सोडत नव्हता गं. सोडतच नव्हता." त्याला फळीवर घालून बाहेर कोरड्यात नेलं. दवाखान्याची गाडी बोलावली.

आणि ह्या गोंधळातही महाराजांचं तोंड चालूच! "सिस्टरनं देवाचा भंग केला! पापी माणसाला देवानं झटका दिला!"

मग मात्र माझं डोकं फिरलं. "सगळे पाण्यातून बाहेर या," मी ओरडले. "कोरड्या खडीवर उभे राहा. आता देव बघूच." मेन बंद असतानाच वायरमननं एक बल्ब आणला. त्याची एक वायर टेकूला बांधली, दुसरी ओल्या जमिनीत ठोकलेल्या सळईला. मग पेटीपाशी जाऊन त्यानं मेन चालू केला, आणि वरच्या गड्याला मी हाक मारली, "यंत्र चालू कर!"

घरघर सुरू झाली. बल्ब पेटला.

"ज्योत!" महाराज किंचाळले. "देवानं ज्योत दिली, बाबांनो!" आणि काय सांगू, दोघातिघांनी खरंच हात जोडले!

"बंद कर!" मी ओरडले. बल्ब विझला. "चालू!" पेटला. "बंद!" विझला.

"च्यायला," मागून रंगारी म्हणाला, "हा देव यंत्रवाल्याच्या अंगठ्यावर चालतोय की!"

कुणीतरी हसलं. तेवढं पुरलं.

"आणि महाराज," मी म्हटलं, "पाप्याला झटका देतो ना हा? मग बल्बनं काय पाप केलं होतं? का तोही मागच्या जन्मी कुत्रा होता?"

वायरमननं मेन पाडला, शिडी लावली आणि वर चढला. टेकूच्या डोक्यावरची लोखंडी पाटी आणि वरची लाकडी तुळई ह्यांच्यामध्ये बटणाकडून व्हायब्रेटरकडे जाणारी केबल चेपली गेली होती. टेकू कसताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वरचं रबर फाटून तांब्याची तार लोखंडाला टेकली होती. टेकूच्या पायाखाली लाकडी ठोकळा, म्हणून तो करंट जमिनीत उतरत नव्हता. तो टेकूतच थांबायचा, कुणाचा तरी ओला अनवाणी पाय येईपर्यंत. त्याला उतरायला रस्ता तुमच्या-आमच्या अंगातून होता.

"पण मग महाराजांना कसं काही होत नाही?" शिंप्याच्या सासूनं विचारलं. म्हातारी हुशार.

मी गेले आणि कांबळं उचललं. खाली जाड काळी रबरी चटई होती. वायरमन शिडीवरूनच ओरडला, "माझी चटई!"

नंतर कळलं, हा गृहस्थ पूर्वी कुठंतरी वायरमनच्या हाताखाली काम करायचा. टेकूला बोट लागल्याबरोबर त्याला कळलं होतं काय आहे ते. त्या क्षणी एक हाक मारली असती, "बाबांनो, केबल फाटलीय," तर गोष्ट तिथंच मिटली असती. त्यानं हाक मारली, पण ती भक्तांना. लोक त्याला तुडवायला धावले, मी मध्ये पडले आणि पोलिसांच्या ताब्यात दिला. मुकादम तेवढ्यात सटकत होता. "तुम्ही थांबा," मी म्हटलं. "देव ह्यानं केला, पण त्याला वीज तुम्ही पुरवलीत. तो स्विच दर खेपेला पडून हेच सांगत होता, इथं माणूस मरेल. तुम्ही त्याचंच तोंड बांधलंत." पोलिसांनी दोघांनाही नेलं.

आता तुम्ही म्हणाल, सिस्टर, लोक एवढे कसे हो खुळे? खुळे नव्हते. रोज उंचावर चढणारी माणसं ती, भीती पोटात असतेच. भीतीला आधार हवा असतो. पण आधार तपासून घ्या ना! एखादी गोष्ट अद्भुत वाटली तर एवढंच विचारा, हे कधी होतं आणि कधी होत नाही? कुणाला होतं आणि कुणाला होत नाही? त्याच्या पायाखाली काय आहे, माझ्या पायाखाली काय आहे? लोखंडाला मुंग्या आल्या तर हात जोडू नका, हाक मारा. सारखा पडणारा स्विच बांधून ठेवू नका, तो का पडतो ते शोधा. केबल जमिनीवर, पाण्यात, टेकूखाली जाऊ देऊ नका. कुणी विजेला चिकटला तर आधी वीज तोडा, मग माणूस धरा. बूट, टोपी, पट्टा हे देवाला वाहायचे नसतात, आपल्या अंगावर घालायचे असतात. एवढं केलंत तर तुमचा देव, तो असेल तिथून, तुमच्यावर रागावणार नाही.

चार-पाच दिवसांनी दादाला घरी सोडलं. तळहाताला जळल्याची पट्टी. मी पट्टी बदलत होते, वहिनी दाराशी उभी होती.

"बोटं मिटली होती," तो म्हणाला. "मी बघितली."

"हो, दादा. करंटनं मिटवली."

"मी नाही मिटवली?"

माझ्या तोंडात खोटं आलं होतं. अगदी जिभेवर होतं. "नाही," मी म्हटलं.

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं डाव्या हातानं पुसलं. "आणि त्या दवाखान्यात रोज गेलो, व्यायाम केला, तर मिटतील?"

"सांगता येत नाही. थोडी मिटतील, किंवा नाहीही मिटणार. कुणी छातीठोक सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस."

त्यानं पट्टी बांधलेला हात डाव्या हातानं उचलून मांडीवर घेतला. मग वहिनीला म्हणाला, "उद्या सकाळी लवकर उठव मला. पहिल्या गाडीनं जाऊ."